आरटीईच्या २५ टक्के जागा: सरकारने खासगी शाळेची फी भरावी का?

पानगळ (धागालेखिका)

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांची, सोडत लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी तोच वाद पेटतो. "आम्ही लाखभर फी भरायची आणि शेजारच्या बाकावरचं मूल फुकट शिकणार?" इथपासून "सरकारला स्वतःच्या शाळा नीट चालवता येत नाहीत, म्हणून आमच्या करातून खासगी शाळांची फी भरायची का?" इथपर्यंत. गटावर दोन ओळींपलीकडे कोणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी नियम काय आहे ते. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेत किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. आठवीपर्यंत त्यांच्याकडून फी घ्यायची नाही, ती सरकार शाळेला परत करणार. सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च करतं तो आणि शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात ती वर्षाला १७,६७० रुपये धरली जाते. राज्यात अशा जागा लाखभर आहेत आणि अर्ज त्याच्या तिप्पट येतात, म्हणून सोडत.

९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारने नियमांत बदल केला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात एक किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असे पत्ते किती निघतील? पालकांनी प्रवेशाचं पोर्टल उघडलं तर पर्याय दिसायला लागले ते जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांचे, जिथे प्रवेशाला सोडत मुळात लागतच नाही. अर्ज एकदम रोडावले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ला स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने होत आले होते. पहिलीच्या वयाची मुलं घरी बसून होती किंवा मिळेल त्या शाळेत उसनी बसवलेली होती. हा मनस्ताप ज्यांना झाला त्यांच्यातलं कोणी आमच्या सोसायटीच्या गटावर नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या जागा राहिल्या पाहिजेत आणि सरकारने शाळांचे पैसे वेळेवर दिले पाहिजेत. खासगी संस्थांना सरकारी पैसा देणं महाराष्ट्राला नवीन नाही, आपल्या निम्म्या पिढ्या अनुदानित शाळांत शिकल्या. पैसा द्यायचा की नाही यावर भांडण्यापेक्षा तो कोणत्या अटींवर द्यायचा यावर बोललं पाहिजे. तुमचे अनुभव आणि मतं लिहा.

---

झेडपीगुरुजी

मुद्देसूद लिहिलंय. तरी विरोधी मत नोंदवतो.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी. सकाळी साडेआठला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस आमच्या फाटकासमोरून जाते आणि त्यात आमच्याच वाडीची मुलं असतात. बहुतेकांचे आईबाप फी भरतात, काही आरटीईतून गेलेत. जातात कोण, ते बघा. ज्यांचे पालक दाखले काढू शकतात, मोबाइलवर अर्ज भरू शकतात, पालकसभेत उठून प्रश्न विचारतात, ते जातात. ऊसतोडीला जाणाऱ्याचं मूल आणि आजीकडे ठेवलेलं मूल आमच्याकडे राहतं. शाळेवर दबाव ठेवणारे पालकच निघून गेले की शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सह्यांपुरती उरते.

पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं. पद गेलं की एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, ते बघून आणखी दोन पालक मूल काढतात. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची समूह शाळा करायचा विचार सुरू झाला तेव्हा आमच्या केंद्रातल्या प्रत्येक वाडीत एकच चर्चा होती, सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून जाणार कशी?

सरकारने १७,६७० रुपये बाहेर देण्याऐवजी आम्हाला तिसरा शिक्षक द्यावा. माझी अशैक्षणिक कामं काढून घ्यावीत. पोषण आहाराचा तांदूळ मोजण्यात, तो ऑनलाइन भरण्यात, मतदारयाद्या आणि सर्वेक्षणात माझे शिकवायचे तास जातात. पालकाला निवड द्यायची असेल तर घराजवळची शाळा निवडण्याजोगी करा. ती पहिली निवड.

---

सावली

गुरुजी, तुमचा राग समजतो. पण मी पलीकडच्या बाजूला आहे. माझी मुलगी आरटीईतून लागली, आता पाचवीत आहे. मिस्टर रिक्षा चालवतात, मी घरी शिवणकाम करते.

आमच्या वॉर्डातल्या महापालिकेच्या शाळेत मी आधी गेले होते. बाई चांगल्या होत्या, पण पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, आणि सेमी-इंग्रजी पुढच्या वर्षी सुरू होईल असं सांगितलं. माझ्या मुलीचं वय पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हतं. म्हणून अर्ज भरला.

"फुकट" म्हणणाऱ्यांनी एकदा तो अर्ज भरून बघावा. भाड्याच्या घराचा करार नोंदणीकृत पाहिजे. आमच्या घरमालकांना तो नको होता, त्यांची मनधरणी करून नोंदणीचा खर्च आम्ही केला. नकाशावर घराची खूण नेमकी लावावी लागते. ती एक गल्ली इकडेतिकडे झाली तर अंतर बदलतं आणि पडताळणीत अर्ज बाद होतो. जातीचा दाखला होता म्हणून उत्पन्नाच्या अटीतून सुटले. माझ्या जावेकडे तो नाही, तिला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला पाहिजे. शहरात भाडं भरून राहणाऱ्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत कसं असेल? जो खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर राहतो आणि दाखला "करून आणणारा" आत जातो.

शाळेबद्दल. शिक्षक चांगले आहेत, मुलगी वाचते, बोलते, मला इंग्रजी पाट्या वाचून दाखवते. पण स्नेहसंमेलन, सहल, ॲक्टिव्हिटी, वह्यांचा संच या सगळ्याचे पैसे वेगळे मागतात. एकदा वर्गाच्या गटावर पैसे न भरलेल्यांची यादी टाकली होती आणि त्यात सगळी आरटीईचीच मुलं होती. मी कार्यालयात जाऊन ती काढायला लावली. मुलीने मात्र आधीच वाचली होती.

आणि माझी खरी काळजी नववीची आहे. आठवीनंतर सगळी फी आम्ही भरायची. तेव्हा काय करायचं? तिला तिथून काढून दुसरीकडे घालायचं?

---

पानगळ

सावलीताई, एवढं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. नववीचा मुद्दा मूळ लेखात यायलाच हवा होता. कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेच्या दोन वर्षं आधी मुलावर शाळा सोडायची वेळ येते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते १८ वयाची भाषा आहे, कायदा मात्र अजून तिथे पोहोचलेला नाही.

गुरुजी, तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. पण सावलीताईंच्या मुलीला तेव्हा काय सांगायचं होतं? शाळा सुधारेपर्यंत थांब?

---

छोटी_शाळा

तालुक्याच्या गावी आमची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, नर्सरी ते दहावी. संस्थाचालक म्हटलं की लोकांना वातानुकूलित वर्ग आणि जलतरण तलाव दिसतो, म्हणून आमचं गणित सांगतो.

आमची फी १७,६७०पेक्षा कमी आहे. म्हणजे सरकार आम्हाला आमच्या फीएवढंच देणार. ते वेळेवर मिळालं तर आमची तक्रार काहीच नाही, उलट जागा भरलेल्या राहतात. पण प्रतिपूर्ती, म्हणजे सरकारकडून परत यायची ही फी, वर्षानुवर्षं थकते. मिळते तेव्हा तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि कोणत्या वर्षाची किती आली हे कळायला पंचायत समितीत हेलपाटे. करोनाच्या काळात तर २०२१-२२साठी दर एकदम ८,००० रुपयांवर आणला होता. शिक्षकांचे पगार कुठून करायचे? चौथा भाग मुलांची फी आलेलीच नाही, म्हणजे तो भार उरलेल्या तीन भागांच्या पालकांवर जातो. तेही काही श्रीमंत नाहीत. कांद्याला भाव नाही मिळाला की त्यांचीही फी थकते.

मोठ्या शहरांतल्या शाळांचं वेगळं आहे. त्यांची फी लाखाच्या वर, सरकार देणार १७,६७०, मग त्यांना ही मुलं नकोच असतात. २०२४चा बदल कोणाच्या सोयीचा होता हे मला कोणी सांगायला नको. आमच्यासारख्यांना सूट नको होती, थकलेले पैसे हवे होते.

वह्या-सहलीच्या पैशांबद्दल सावलीताईंनी लिहिलं ते चूक आहे, याद्या लावणं तर अजिबात चालवून घेऊ नये. पण ही वसुली कशातून येते तेही लक्षात घ्या.

---

कलम१२

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

या २५ टक्क्यांना खासगी शाळांनी आव्हान दिलं होतं. १२ एप्रिल २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तरतूद वैध ठरवली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून. पुढे ६ मे २०१४ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, या कायद्यातूनच बाहेर काढलं. १ सप्टेंबर २०२५ला शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या २०१४च्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असं म्हटलं आहे. ही प्रकरणं महाराष्ट्र आणि तमिळनाडूतलीच होती. अल्पसंख्याक दर्जा मिळवून २५ टक्क्यांतून सुटलेल्या शाळा मुंबई-पुण्यात भरपूर आहेत, त्यामुळे याचा निकाल आपल्याकडच्या पालकांसाठी महत्त्वाचा असेल.

एक किलोमीटरची कल्पना महाराष्ट्राची नव्हे. कर्नाटकाने तसाच नियम २०१९च्या प्रवेशांपासून लावला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. मूळ कायद्यात कलम १२(१)(सी)ला "जवळ सरकारी शाळा नसेल तर" अशी अट नाहीच. ती नियमांतून घुसवता येत नाही, कारण नियम कायद्यापेक्षा मोठे नसतात.

पानगळ यांच्या "अटी" या मुद्द्याशी सहमत. पण एक लक्षात घ्या, कायद्यात ही तरतूद पालकांच्या निवडीसाठी आलेली नाही. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात बसावीत हा तिचा हेतू आहे. निवड हा त्याचा परिणाम.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

अनुदानित शाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची मुख्याध्यापक म्हणून. पानगळ ताईंनी अनुदानाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. नव्या पिढीला हा इतिहास माहीत नसतो.

खासगी शाळेला सरकारी अनुदान ही पद्धत इंग्रजांच्या काळातली, १८५४च्या वूडच्या खलित्यापासूनची. १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता की सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामावर आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला. आजच्या वादातही प्रत्येक पर्याय याच प्रश्नावर घासून बघावा.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ची. तिच्यासारख्या संस्थांनी खेड्यांत हायस्कुलं काढली आणि पगाराचा भार शासनाने उचलला. ग्रामीण महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण पोहोचलं ते मुख्यतः या वाटेने. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी चौथी किंवा सातवीला संपायची, पुढे संस्थेचं विद्यालय. शासनाचा पैसा आला तशा अटीही आल्या. शिक्षकांच्या सेवाशर्तींचा १९७७चा कायदा आला. कोणालाही संस्थाचालकाच्या मर्जीने उद्यापासून येऊ नको म्हणता येईना.

मग हे बिघडलं कुठे? नव्या शाळांना "कायम विनाअनुदानित" या अटीवर परवानग्या सुटल्या तेव्हा. संस्था काढणाऱ्याला शाळा मिळाली, शासनाचा खर्च वाचला आणि मधल्या मध्ये शिक्षक भरडला गेला. २००९मध्ये "कायम" हा शब्द काढला, मग मूल्यांकन, मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे. जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर चिखलात बसलेले शिक्षक टप्पा अनुदानासाठीच बसले होते. त्यांच्यात माझ्या शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. केस पिकले त्याचे, पगार अजून पूर्ण नाही.

अनुदानितच्या दुसऱ्या बाजूवरही पांघरूण घालणार नाही. पगार शासनाचा आणि नेमणूक संस्थेची, त्यामुळे नोकरीसाठी पैसे मोजावे लागतात ही गावोगावची उघड चर्चा होती. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आणलं गेलं ते त्यामुळेच. पैसा सार्वजनिक असेल तर नेमणूक, हिशेब आणि प्रवेश तिन्ही सार्वजनिक नजरेखाली पाहिजेत. तिन्हींपैकी एकही सुटलं की बाकी दोन टिकत नाहीत, हे मी आतून पाहिलं आहे.

---

मांडवी

गोव्यातून लिहिते. "पालकांची निवड" या शब्दांवर आमच्याकडे सरकारं हलली आहेत, तो इतिहास इथे उपयोगी पडेल.

शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, १९९०च्या सुमारास गोव्यात धोरण ठरलं की प्राथमिक स्तरावर अनुदान फक्त मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांच्या माध्यमांना. तेव्हा अनुदान टिकवण्यासाठी चर्चच्या डायोसिझन संस्थेच्या शाळा इंग्रजीतून कोकणी माध्यमाकडे वळल्या. पालकांमधला एक मोठा गट नाराज राहिला. मुलाला इंग्रजीत शिकवायचं हा आमचा अधिकार, आम्हीही कर भरतो, मग अनुदान का नाही, हे त्यांचं म्हणणं. २०११मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय घेतला आणि गोवा पेटला. भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या सभांना लोटलेली गर्दी मी पाहिली आहे. त्या आंदोलनात काकोडकर होत्या, संघाचे सुभाष वेलिंगकर होते. २०१२मध्ये सत्ता बदलली, तरी पर्रीकर सरकारने त्या शाळांचं अनुदान चालू ठेवलं. त्यावरून वेलिंगकरांना २०१६मध्ये संघाच्या गोव्यातल्या पदावरून दूर केलं गेलं, त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला आणि २०१७च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

माझं मत मराठी शाळेच्या बाजूचं आहे आणि होतं. माझी मुलं सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकली. ती शाळा आता पटाअभावी बंद आहे, आणि अशा किती तरी. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. अनुदान बंद ठेवून पालकांना मराठी किंवा कोकणीत थांबवता आलं नाही. ज्यांना परवडलं ते विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेलेच, थांबले ते फक्त ज्यांना परवडत नव्हतं ते. कलम१२ यांनी ६ मे २०१४चा निकाल सांगितला. त्याच दिवशी त्याच घटनापीठाने कर्नाटकाच्या माध्यमसक्तीवरही निकाल दिला होता, की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती सरकारला करता येत नाही. त्यामुळे आता मराठी शाळा वाचवायची तर ती इतकी चांगली करणं एवढीच वाट उरली आहे. ती कठीण आहे, पण मला दुसरी दिसत नाही.

---

लोनस्टार

डॅलसच्या उपनगरात राहतो. आमच्या टेक्सासमध्ये मे २०२५मध्ये गव्हर्नर ॲबट यांनी खासगी शिक्षणासाठी पालकांना सरकारी पैशाची खाती उघडून देणाऱ्या कायद्यावर सही केली. २०२६-२७पासून एक अब्ज डॉलरची तरतूद, खासगी शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे साधारण दहा हजार डॉलर, घरी शिकवणाऱ्यांना दोन हजार, दिव्यांग मुलांना जास्त.

२०२३मध्ये हेच विधेयक पडलं, आणि ते पाडण्यात ॲबट यांच्याच पक्षाचे २१ आमदार होते. बहुतेक खेड्यांतल्या भागांतले. त्यांचं म्हणणं झेडपीगुरुजींसारखंच होतं. आमच्या गावात खासगी शाळाच नाही, सरकारी शाळा हीच गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी जागा आणि शुक्रवारी रात्री फुटबॉलला सगळं गाव जमतं ते तिथे. निवड मिळणार शहरातल्यांना आणि पैसा कमी होणार आमचा. पुढच्या पक्षांतर्गत उमेदवार-निवडणुकीत (प्रायमरीत) ॲबट यांनी त्यातल्या अनेकांविरुद्ध प्रचार केला आणि मग विधेयक पास झालं.

भारतातल्या २५ टक्क्यांपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. इथे सरकारचा पैसा घेऊनही कोणाला प्रवेश द्यायचा ते खासगी शाळा ठरवते, आणि दहा हजारांवरची फी पालकाने भरायची. तुमच्याकडे सोडतीत नाव लागलं की शाळेला नाही म्हणता येत नाही आणि वरची फी मागता येत नाही. माझ्या ओळखीत इथल्या योजनेचं स्वागत करणारे मराठी लोक बरेच आहेत, कारण त्यांची मुलं आधीपासून खासगी शाळेत आहेत. म्हणून तुमचा कायदा मला जास्त न्याय्य वाटतो. त्याची अंमलबजावणी रखडते ही वेगळी गोष्ट.

---

अंकगणित

निकालांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून दोन अभ्यास सांगतो.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने व्हाउचर, म्हणजे फी भरणारं कूपन, देऊन मुलं खासगी शाळांत पाठवली आणि चार वर्षांनी तपासलं. तेलुगू आणि गणितात व्हाउचरची मुलं सरकारी शाळेतल्या मुलांएवढीच निघाली, हिंदीत स्पष्ट पुढे. पण खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे खासगीत गेलं की मूल आपोआप हुशार होतं असं नाही, आणि सरकारी शाळेत पैसा जास्त म्हणून शिकवणं जास्त असंही नाही. विशेष म्हणजे मागे राहिलेल्या मुलांचं नुकसान झाल्याचं त्यात दिसलं नाही. गुरुजींनी हा भाग जरूर पाहावा.

दुसरा दिल्लीचा, गौतम राव यांचा. तिथल्या महागड्या शाळांत गरीब मुलं आल्यावर श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते त्यांनी पाहिलं. ती मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली. अभ्यासात इंग्रजीत किंचित घट, बाकी एकूण फरक नाही. सोसायटीच्या गटावर हे पाठवता येईल.

---

झेडपीगुरुजी

अंकगणित, आंध्रचा अभ्यास गावांत सोडत काढून केलेला होता. संशोधक दारात गेले, अर्ज भरून घेतले. आमच्याकडे पालकाने पोर्टलवर स्वतः जायचं आहे. कोण जातं ते वर लिहिलंच आहे. तरीही मागे राहिलेल्यांचं नुकसान दिसलं नाही हा भाग मी नक्की वाचतो.

आणि सावलीताई, तुमच्या निवडीला माझा आक्षेप नाही, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. माझा आक्षेप सरकारला आहे. खासगीत जागा दिल्या की सरकारी शाळेची जबाबदारी संपली, असं कोणी मानू नये. दोन्हीकडचा पैसा एकाच लेखाशीर्षातून कापला जाणार असेल तर मी विरोधच करणार.

---

सावली

गुरुजी, सरकारी शाळा बंद व्हावी असं मलाही वाटत नाही. माझा धाकटा आता अंगणवाडीत आहे. सोडतीत त्याचं नाव लागेल की नाही देव जाणे. नाही लागलं तर तो महापालिकेच्या शाळेतच जाणार आहे, मग ती शाळा चांगली असायला मलाच हवी ना.

इथे कोणीतरी सांगितलं तर बरं होईल, थकलेली प्रतिपूर्ती दाखवून शाळा मुलाचा निकाल अडवू शकते का? आमच्याकडे तशी कुजबुज आहे.

---

कलम१२

अजिबात नाही. सरकार आणि शाळा यांच्यातल्या थकबाकीचा मुलाशी काही संबंध नाही. निकाल किंवा दाखला अडवला तर गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं नको. राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं, या कायद्याखालच्या तक्रारी ऐकायचा अधिकार त्यांना आहे. कागद मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मसुदा करून देतो.

---

छोटी_शाळा

आम्ही कधीच निकाल अडवला नाही, अडवणारही नाही. पण माझी एक सूचना आहे. प्रत्येक शाळेला कोणत्या वर्षाची किती प्रतिपूर्ती देय, किती दिली, किती बाकी, हे प्रवेशाच्या पोर्टलवरच सगळ्यांना दिसू द्या. आज पालकाला वाटतं शाळा खोटं बोलते आणि शाळेला वाटतं कार्यालय लपवतं. आकडा उघड झाला तर आमच्यासारख्यांना पालकांसमोर उभं राहता येईल, आणि ज्यांना पैसे मिळूनही ते ॲक्टिव्हिटीच्या नावाने वसुली करतात तेही उघडे पडतील.

---

पानगळ

ही सूचना उत्तम आहे. माहिती अधिकारात तालुक्यापुरती माहिती मागवायची म्हटलं तर निदान सुरुवात होईल. छोटी_शाळा, तुमच्या तालुक्याचा अर्ज तुम्ही करा, आमच्या महापालिकेचा मी करते. कलम१२, मागणीची भाषा तुम्ही बघून द्याल का? शाळानिहाय, वर्षनिहाय, मुलांची संख्या आणि दिलेली रक्कम असे रकाने ठेवले आहेत. गुरुजी, त्याच अर्जात तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची मंजूर पदं आणि रिक्त पदंही मागते. सावलीताई, नववीत जाणाऱ्या आरटीईच्या मुलांची संख्याही घालते, त्यांच्यातली किती त्याच शाळेत राहिली तेही.

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते, आणखी काही रकाने सुचत असतील तर त्याआधी लिहा.